कुणी बोलत का नाही

४ ऑगस्ट

आलो एकदाचे! दोन ट्रंका, गाद्यांची वळकटी, कुकर आणि चिऊचा जगभरचा पसारा टेम्पोतून उतरवताना कंबरेचा काटा ढिला झाला, पण जीव हलका झाला. आजपासून मी मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर. आजवर शाळेतल्या मुलांवर ओरडले, आता कॉलेजच्या मुलींवर ओरडायचं. चिऊलाही याच विद्यापीठात प्रवेश मिळालाय, म्हणजे लेक डोळ्यांसमोर राहील. मला त्याचं जेवढं सुख, तेवढंच तिला दुःख!

तळमजल्यावरच्या दोन खोल्या आम्हाला दिल्यात. इमारत इतकी नवी की बटणांवरचं प्लास्टिकही अजून कुणी काढलेलं नाही. स्वयंपाकघराच्या खिडकीतून पलीकडचं बांधकाम दिसतं. दिवसभर सळ्यांचा खणखणाट. हे असते तर आल्या आल्या सगळे नळ तपासत सुटले असते. यांच्यामागे मीच तपासले. मोरीतला गळतो.

६ ऑगस्ट

कुलसचिव सरांनी स्वतः सगळीकडे फिरवलं. गोड बोलणारा माणूस, पण बोलताना सारखे हात चोळतो. म्हणाले, पूर्वी इथे एकाच थरातली, एकाच भाषेची मुलं यायची. आता कुठून कुठून येतात, आणि आली पाहिजेत. खोटं कशाला बोलू, ऐकून बरं वाटलं. डोक्याला रुमाल बांधलेली एक मुलगी दुसरीची वेणी घालत होती. चाकाच्या खुर्चीतली एक पत्त्यांत उघड उघड लबाडी करत होती, आणि बाकीच्या तिला रागावत होत्या. तिची कीव कुणी करत नव्हतं, हे मला फार आवडलं.

सगळ्यांत गंमत लिफ्टची. ती बोलते! दार उघडलं की मुलींनीच आपापल्या भाषेत भरलेले आवाज एकामागून एक येतात. "या, दार उघडं आहे. सांभाळून." डोंगरातल्या एका लहानशा जमातीची बोली इथे एकाच मुलीला येत होती, तर तिचाही आवाज घेतलाय. तोच सगळ्यांत गोड. आता हसू फुटेल की मग, असा. मी म्हटलं, या पोरीला भेटायचंय मला. सर म्हणाले, तिने शिक्षण सोडलं. आणि आग विझवायची नळकांडी दाखवायला पुढे निघाले.

१३ ऑगस्ट

नव्याचे नऊ दिवस संपले. मोरीचा नळ अजून गळतोच आहे.

खाली लिफ्टसमोरच्या बाकावर एक बाई रोज दुपारी येऊन बसते. माझ्याच वयाची असेल. चपला काढून बाकाखाली नीट जोडून ठेवते, जशी काही कुणाच्या घरी आली आहे. लिफ्टमध्ये कधी पाऊल टाकत नाही. मी चहा नेऊन दिला. आपली भाषा तिला मोडकीतोडकीच येते. तुम्हाला मुलगी आहे का, असं विचारलं. मी आहे म्हटलं, तर माझ्या हातावर थोपटलं.

लिफ्टचं दार उघडून तो गोड आवाज आला की ही हळूच काहीतरी पुटपुटते. मला वाटलं, देवाचं नाव घेत असेल.

१४ ऑगस्ट

दारावरच्या वॉचमनकाकांना विचारलं. आधी त्यांनी नोंदवहीत डोकं घातलं. मग बोलले, आणि मला वाटलं, नसते बोलले तर बरं झालं असतं.

ती बाई त्या आवाजाची आई.

मुलगी हसायची तशी, म्हणून सगळे तिला घुंगरू म्हणायचे. इमारतीच्या उद्घाटनाला बडे पाहुणे यायचे होते. लिफ्ट पुरती तपासून झाली नव्हती, पण पाहुण्यांना दाखवायची म्हणून तशीच सुरू केली. दुसऱ्या मजल्यावर घुंगरू मैत्रिणींना म्हणाली, ऐका हं, आता माझा आवाज येईल. दार उघडलं. तिचाच आवाज तिला म्हणाला, या, दार उघडं आहे. मैत्रिणींकडे मागे बघत, हसत तिने पाय आत टाकला. लिफ्टचा पाळणा वरच अडकला होता. आत नुसती पोकळी.

ती लगेच गेली नाही. खालून हाका मारत होती, आपल्या बोलीत. मैत्रिणी किंचाळत जिन्याने धावल्या, पण खाली वाजंत्री चाललेली. लिफ्टजवळ उभ्या असलेल्या लोकांना वाटलं, लिफ्टच बोलते आहे. एकजण तर म्हणाला म्हणे, किती गोड भाषा आहे!

जेवण गेलं नाही. चिऊला जवळ घेऊन बसले. ती म्हणाली, आई, सोड ना, गुदमरतेय मी.

२० ऑगस्ट

आज त्या माउलीने मला जवळ बसवून, शब्द शोधून शोधून सांगितलं. पहिल्यांदा आली तेव्हा लिफ्टमधली पोर नुसतं या म्हणायची. आता तसं म्हणत नाही. आता म्हणते, "आई, इथे अंधार आहे. कुणी बोलत का नाही?"

ही बसल्या जागेवरून तिच्याशी बोलते. मग ती थोडा वेळ गप्प होते. म्हणून रोज यायचं.

दुःखाने बाईचं मन भ्रमलंय, असंच वाटलं मला. कुणाला नाही वाटणार? तरी ती गेल्यावर लिफ्टमध्ये जाऊन उभी राहिले. बाकीचे आवाज जेवढ्यास तेवढे. हिचा मात्र लांबत जातो. बोली कळत नसली तरी वाक्य तेच आहे की वेगळं, हे कानाला कळतंच. दर वेळी वेगळं होतं. मधे दम घेतला. मग नाक ओढलं, रडून झाल्यावर लहान मुलं ओढतात ना, तसं.

रात्रीच्या फेरीला जिन्याने वर गेले.

२२ ऑगस्ट

कुलसचिव सरांना सगळं सांगितलं. माणूस आहे, पाझर फुटेल, त्या माउलीची माफी तरी मागतील असं वाटलं. शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, बाईंची मानसिक अवस्था बरी नाही, आपल्याला मुलींच्या सुरक्षिततेचा विचार करायला हवा. हात चोळत होते.

२५ ऑगस्ट

काय करून बसले मी!

आजपासून ओळखपत्राशिवाय कुणालाही आत सोडायचं नाही. मुलींच्या सुरक्षिततेसाठी. त्या माउलीला फाटकावर अडवलं. अडवायचं काम काकांवरच आलं. ती भांडली नाही, रडली नाही. लिफ्ट ऐकू येते का म्हणून फाटकाच्या गजांना कान लावून उभी होती. एवढ्या लांबून काय ऐकू येणार! काकांनी तिच्याकडे पाठ केली आणि डोळे पुसले.

लिफ्टमधले जुने आवाज काढून नवे भरणार आहेत. आपल्या भाषेसाठी चिऊला निवडलंय. पोर उड्या मारत सांगायला आली. मी नको म्हटलं. कारण सांगितलं, तर माझ्याकडे कशी बघायला लागली! जशी मी त्या माउलीकडे बघितलं होतं, तशी. तुला माझं काही चांगलं झालेलं बघवतच नाही, म्हणाली, आणि दार आपटून गेली.

२९ ऑगस्ट

भाऊ येऊन माउलीला गावी घेऊन गेला. निघताना तिने गजांतून माझा हात धरला. म्हणाली, तुम्ही आत राहता. तिच्याशी बोला. भाषा येत नसली तरी चालेल.

मी हो म्हटलं. नाही गेले. भीती वाटते. जिन्यानेच जाते.

३ सप्टेंबर

नवे आवाज लागले. चिऊचा आवाज छान आलाय. हे असते तर दिवसभर लिफ्टने वरखाली करत बसले असते.

घुंगरूचा आवाज पुसून टाकला. बरं झालं म्हणावं, तर आतून काहीतरी तुटतंय.

५ सप्टेंबर

आज लिफ्ट बोलावल्याशिवाय खाली आली. दार उघडलं, आत कुणी नाही. चिऊच्या आवाजात म्हणाली, "इथे अंधार आहे."

चिऊ तेव्हा वर्गात होती. मी विचारलं तिला. असलं काही तिने भरलेलंच नाही.

७ सप्टेंबर

माझे भास नाहीत. मुलींनाही ऐकू येतंय, प्रत्येकीला आपापल्या भाषेत. आता अर्थ सगळ्यांनाच कळतो. घुंगरूच्या बोलीत बोलत होती तोवर कुणाचं काही अडलं नव्हतं.

मुली जिन्याने जातात. खुर्चीतली काय करणार? तिला तळमजल्यावर आमची बाहेरची खोली दिली. पत्ते काढत नाही. भिंतीकडे तोंड करून पडून असते.

९ सप्टेंबर

लिफ्टवाला येऊन सगळ्या तारा सोडवून गेला. दारावर आडव्या फळ्या ठोकल्या. म्हणाला, आता वीजच नाही, बोलेल कशी? हे तो बोलत असतानाच —

त्याने हत्यारं तिथेच टाकली.

१० सप्टेंबर

मुलींना घरी पाठवलं. खुर्चीतलीला तिचे वडील येऊन घेऊन गेले. आम्ही उद्या निघतो. सरांचा फोन आला, नव्या इमारतीच्या पायाभरणीला पाहुणे येतायत, रेक्टर हवी. मी फोन ठेवला.

चिऊ माफी मागत होती. तुझं ऐकायला हवं होतं, म्हणाली. मी म्हटलं, वेडी आहेस का, तुझा काय दोष. तिला घट्ट धरून बसले. गुदमरते म्हणाली नाही.

११ सप्टेंबर

दुपार. सामान दारात. टेम्पो अजून आलेला नाही. वेळ जात नाही, म्हणून लिहीत बसलेय.

पुन्हा सुरू झालं. फळ्यांमागून. चिऊच्या आवाजात. चिऊ माझ्या शेजारी, माझी बाही धरून बसली आहे. तिलाही ऐकू येतंय. पांढरीफटक पडलीय पोर.

आई.

माझी नाही ती. मला माहीत आहे. माझी इथे आहे, तिचा हात ऊन आहे —

आई, पडले मी. दुखतंय खूप.

नको ऐकू. चिऊचे कान झाकलेत. माझे कोण झाकणार —

माझी नाही. पण कुणाची तरी आहेच ना? तिची आई फाटकापाशी — आम्हीच आत येऊ दिलं नाही तिला. बोलणारं होतं तेवढं एकच माणूस —

चिऊ रडतेय, जाऊ नको म्हणते. जात नाहीये गं. फळ्या ठोकलेल्या आहेत. नुसती दारापर्यंत. वही हातातच आहे —

कुणी बोलत का नाही, म्हणते. किती लहान वाटतो आवाज —

फळ्या खाली पडल्यात. कुणी काढल्या — दार उघडं आहे, आत पाळणा नाही, खाली नुसता अंधार —

चिऊ, तू तिथेच थांब. मी नुसतं एकदाच बोलते, बाळा, आहे गं मी, एवढंच, म्हणजे तिला कळेल की वर कुणीतरी