पांढऱ्या फरशीवरचा उंट

३ जून, रविवार
सासूबाईंकडून बुद्धिबळात सलग सातवा डाव हरलो. पुन्हा त्यांच्या उंटानेच घात केला. कोपऱ्यात निमूट उभा होता, तिरका आला आणि माझा वजीर घेऊन गेला. त्या म्हणाल्या, जावईबापू, लक्ष नव्हतं वाटतं. लक्ष होतं. डोळ्यात कचरा गेला होता.
त्या आता कायमच्या आमच्याकडे राहणार. ही म्हणते, आईला तुमची खिडकीवाली खोली द्या, तिचे गुडघे दुखतात. माझी खोली. अकरा वर्षांची. आरामखुर्ची, रेडिओ, दाराला आतून कडी. मी शांतपणे जाहीर केलं, पुढच्या रविवारी एक डाव, जो जिंकेल त्याची खोली. हिने विचारलं, नक्की ना? नक्की म्हणजे नक्की.

४ जून, सोमवार, पहाटे ५ (उठलो ७.४०)
रोग सापडला. मी आयुष्यभर सरळ बघत आलो. उंट कळायचा तर उंटासारखं जगायला हवं. घरभर काळ्या-पांढऱ्या फरश्या आहेतच. ठरलं. आठवडाभर फक्त तिरकं चालायचं, तेही पांढऱ्यावरून. पांढऱ्यावरचा उंट मरेपर्यंत काळ्यावर पाय ठेवत नाही.
बाथरूमच्या दारासमोरची फरशी काळी आहे. बाथरूमपुरता मी राजा.

५ जून, मंगळवार
उंटाला उडी मारता येत नाही. वाटेत कुणी असेल तर थांबायचं. सासूबाई वाटेतच स्टूल टाकून भाजी निवडत होत्या. थांबलो. पंचवीस मिनिटं. दूध उतू गेलं. ही म्हणाली, एका पावलावर गॅस होता, बंद करायला काय झालं होतं? गॅस सरळ रेषेत होता. हिला बुद्धिबळातलं काही कळत नाही.
बस चुकली.

६ जून, बुधवार
ऑफिसात साहेबांच्या केबिनकडे तिरका गेलो. झेरॉक्स मशीनवर गुडघा आपटला. साहेबांनी विचारलं, चक्कर येते का.
दुपारी मारण्याचा सराव. उंट नुसता धक्का देऊन परत येत नाही. ज्याला मारलं त्याच्या जागेवर स्वतः जाऊन बसतो. टायपिस्ट बाई बरोबर तिरक्या रेषेत होत्या, मध्ये कुणी नाही. गेलो, उठा म्हणालो, बसलो. बाई उठल्या आणि साहेबांना घेऊन आल्या. साहेब म्हणाले, दोन दिवस घरी विश्रांती घ्या.
बरंच झालं. सरावाला वेळ मिळाला.

९ जून, शनिवार
गुडघा टम्म सुजला. सासूबाईंनी आपलं तेल लावायला दिलं. घाबरल्यात. तेल मात्र चांगलं आहे.
नजर भलतीच तयार झाली आहे. कोपऱ्यातलं झुरळसुद्धा सुटत नाही. ही माझ्या खोलीतलं कपाट रिकामं करत होती. विचारलं तर म्हणाली, सहज.

१० जून, रविवार, दुपारी ४
झकास सुरुवात. त्यांचे दोन्ही उंट मारले. एकासाठी वजीर द्यावा लागला, दुसऱ्यासाठी हत्ती आणि घोडा. पण मारले. माझा राजा शेवटच्या रांगेत, तीन प्याद्यांच्या आड. सगळे कोपरे दोनदा तपासले. कुठेच काही नाही. जिंकल्यातच जमा. आज मनापासून आनंद झाला. पाणी पिऊन येतो.

त्याच दिवशी, संध्याकाळी ६
त्यांचा हत्ती आला. सरळ. नाकासमोर चालत माझ्या शेवटच्या रांगेपर्यंत. मात. प्यादी माझीच, त्यामुळे राजाला हलायलाही जागा नव्हती.
मी म्हणालो, हे मला दिसलं होतं. सासूबाई उठल्या, खोलीत गेल्या आणि माझ्या आरामखुर्चीत बसल्या. ज्याला मारलं त्याच्या जागेवर जाऊन बसायचं, हे त्यांना सराव न करताच येतं. मग कडी लागली. रेडिओ सुरू झाला.
हिने माझी गादी गॅलरीत घातली. म्हणाली, तुम्हाला वारा लागतो ना. गॅलरीत फरश्या नाहीत, नुसतं सिमेंट. म्हणजे मी आता पटाबाहेर. कसंही चाललं तरी चालतं.
पण गुडघा ठणकतोय, आणि तेलाची बाटली खोलीत आहे.