बदाम नको, ओ दे

प्रिय शिवांगी,

उमरीहून बाबांचे आशीर्वाद. मोबाईल असताना पोस्टाचं पत्र कशाला, असं म्हणशील. फोनवर तू 'बरी आहे, जेवले' याच्या पुढं जात नाहीस आणि मेसेज केला की तुझा तो लाल बदाम येतो. कागदावर बदाम टाकता येत नाही, म्हणून कागद.

इकडे सोयाबीन काढून झालं. आई बरी आहे. मी मात्र जळतोय, आणि कुणावर ते तुला ठाऊक आहे. दोन्ही घरांच्या ग्रुपवर तुझे सासरे, सिद्धेश्वर सर, सकाळी इंग्रजी सुविचार टाकतात. एकाच घरात राहून तुझं त्यांना लगेच चार ओळींचं इंग्रजी! परवा त्यांनी स्वतः केलेल्या उपम्याचा फोटो टाकून फीडबॅक मागितला, तर तू मीठ-मिरचीपर्यंत सगळं लिहिलंस. मी विहिरीला लागलेल्या पाण्याचा फोटो टाकला, तर नुसता अंगठा. तुझ्या आजीला सही येत नव्हती म्हणून ती अंगठा उठवायची. तू तर एम. ए. झालेली!

मग मीही हट्टाला पेटलो. मोबाईलवर इंग्रजीचे धडे ऐकायला लागलो. रिप्लाय म्हणजे उत्तर, रिस्पॉन्स म्हणजे प्रतिसाद. रिअॅक्शन म्हणजे इंजेक्शन दिल्यावर अंगावर उठते ती, एवढंच मला माहीत होतं. आता कळलं, तू मला देतेस तीही रिअॅक्शनच. आई म्हणाली, "पोरगी तिथं सुखात हाय, मंग तुमच्या पोटात कामून दुखून राहिलं?" दुखतं, काय करू! व्याही माणूस सोन्यासारखा आहे. नावं ठेवायला जागा नाही, त्याचंच जास्त दुखतं.

लहानपणी माझी हाक आली की तू असशील तिथून 'ओ बाबा' म्हणायचीस. चिंचेच्या झाडावरून ओ, न्हाणीतून ओ. एकदा माझ्यावरच रुसून कणगीमागं लपलीस, तरी हाक मारल्यावर ओ दिलीस आणि सापडलीस. त्या ओ ला इंग्रजीत काय म्हणतात, ते धड्यात अजून आलेलं नाही.

दसऱ्याला मी ग्रुपवर विचारलं, पहिलं बाळंतपण रीतीप्रमाणं माहेरी, सातव्यात न्यायला येऊ ना? तू बदाम टाकलास. मी त्याचा अर्थ हो असा घेतला. मधल्या खोलीला चुना दिला, बाज नव्यानं विणून घेतली. आईनं डिंक-खारीक आणून ठेवली, मालिशीला सरजाबाईला सांगून ठेवलं. गावभर सांगत सुटलो, ते वेगळंच.

काल व्याह्यांचा फोन आला. तुझं बीपी वाढलंय, डॉक्टरांनी प्रवासाला मनाई केलीय, बाळंतपण लातुरातच करावं लागणार. तुला हे दसऱ्याआधीच कळलं होतं. बाबांना नाही म्हणायला जीभ रेटेना म्हणून बदाम टाकलास. बाबांना लिहायला बसलं की रडू येतं, असंही म्हणालीस म्हणे. कुणाला म्हणालीस? त्यांनाच! पोरी, माझ्यासाठी आलेलं रडूसुद्धा तू सासऱ्यांना सांगितलंस. फोन ठेवल्यावर बरं वाटून घ्यावं की जळावं, कळेना. दोन्ही केलं.

म्हणून हे पत्र. तुझं 'नाही' माझ्यापर्यंत पोचलं, आता त्याचं ओझं वागवू नकोस. चुना दिलेली खोली कुठं पळून जात नाही, बाळाला घेऊन येशील तेव्हा कामाला येईल. येत्या सोमवारी मी आणि आई डिंक-खारीक घेऊन लातूरला येतोय. एसटीत बाज घेत नाहीत, नाहीतर तीही आणली असती. आधी फोन नाही, मेसेज नाही. फाटकातूनच हाक मारीन. हाक व्याह्यांनाही ऐकू जाईल, ते दार उघडायला धावतील, माणूसच तसा आहे. धावू देत. ओ मात्र तू दे, त्यांच्या आधी.

तुझाच,
बाबा