सोनगीरचा दूतावास

मेहरूण, जळगाव
मंगळवार, १८ नोव्हेंबर २०२५

चि. सौ. ज्योतीस,
नानाचा आशीर्वाद.

खुशाली खाली लिहितो, आधी बातमी. तेजस सुखरूप आहे आणि शुक्रवारी पहाटे मुंबईत उतरतो आहे. हे ऐकीव नाही. त्या बंदरातल्या आपल्या वाणिज्य दूतावासातल्या नायर मॅडमनी काल संध्याकाळी स्वतः फोन करून सांगितलं आणि फोन तेजसकडे दिला. "मामा, मी शे," म्हणाला. आवाज खणखणीत होता. आता जरा बस, पाणी पी आणि मग पुढचं वाच.

आई बरी आहे. सकाळी ऊन आलं की गच्चीत बसते आणि तलावाकडे फिरायला कोण कोण गेलं याची माझ्याकडे विचारपूस करते, जणू मी अजून पेपरात आहे. मयुरी दिवाळीला माहेरी येऊन गेली. भरिताची वांगी चांगली निघाली आहेत, ती झुलालबरोबर पाठवतो. तो सोनगीरला दुकानासाठी पितळी भांडी भरायला येतोच. पिशवी तुझ्याच हातात द्यायला सांगितलं आहे, कारण हे पत्र वांग्यांच्या खाली आहे.

फोन केला असता. पण तुमच्या घरचा फोन प्रेमराजराव उचलतात आणि माझा आवाज ऐकला की ठेवून देतात. शिवाय हे सांगताना मध्ये कोणी रडू नये, असं मला वाटत होतं. तू किंवा मी.

बोट बंदरात अडकली आहे, तिथे नेटवर्क नाही, असं कंपनीने तुम्हाला कळवलं होतं. बोट अडकली होती हे खरं. नेटवर्कचं खरं नव्हतं. इंजिनाच्या खोलीत लपवलेल्या सिगारेटी सापडल्या आणि तिथल्या पोलिसांनी सगळ्या खलाशांना ताब्यात घेतलं. त्यात तेजस होता. माल दुसऱ्या कोणाचा होता, तो माणूस कबूल झाला, आणि तेजसवर कसलाही ठपका उरलेला नाही. मारहाण झालेली नाही. हे मी मॅडमना तीन वेगवेगळ्या तऱ्हेने विचारलं. डेस्कवर बातमी तपासायची तशी.

तुला आधी का सांगितलं नाही? त्याने घातलेली अट होती. घरी कोणाला कळवू, असं मॅडमनी विचारलं तेव्हा त्याने माझा नंबर दिला. लहानपणी सुट्टीत इथे यायचा तेव्हाचा, अजून तोच आहे. म्हणाला, आईला सुटल्यावर सांगा, आधी नाही.

आता माझी फजिती ऐक. वाणिज्य दूत हा शब्द मी पस्तीस वर्षं मथळ्यांत बसवला, पण त्याचा अर्थ कधी पाहिला नव्हता. मॅडमचा पहिला फोन आला तेव्हा मी म्हणालो, "मॅडम, तुम्ही तर व्यापारवाल्या. तुमच्याकडे केळीची निर्यात वगैरे असणार. कोठडीतल्या मुलासाठी कोणाला भेटायचं?"

त्या इतक्या हसल्या की मला धीरच आला. म्हणाल्या, "काका, मुलाला भेटूनच येते आहे मी."

त्यानंतर त्या जवळजवळ रोज फोन करायच्या. नवं काही नसलं की दुसरंच काही सांगायच्या. मी काळजीत राहू नये म्हणून असेल. हे काम मुळात व्यापाऱ्यांचंच, म्हणाल्या. फार जुन्या काळी ग्रीक शहरांत अशी रीत होती की परक्या शहराच्या लोकांची सोय त्याच गावातला एखादा माणूस बघायचा. राहायचा गावात, पण त्या दुसऱ्या शहराचा आपला माणूस म्हणून ओळखला जायचा. पाहुणे उतरवायचे, भांडण झालं तर मध्ये पडायचं, दोन शहरांचं फाटलं तर निरोप पोचवायचे. पुढे समुद्राकाठच्या बंदरांत व्यापारी आपल्यातलाच एक जण वाणिज्य दूत नेमू लागले. मग सरकारांनी ते काम आपल्या हातात घेतलं आणि त्यात राजकारण आलं. एका देशाला राग आला की तो दुसऱ्याचा वाणिज्य दूत घालवून देतो. दूत बिचारा सामान बांधतो आणि निघतो. ज्यांचे कागद त्याच्या टेबलावर असतात, ते तिथेच राहतात.

मी विचारलं, "तुम्ही त्याला सोडवाल ना?"

"सोडवण्याचा अधिकार मला नाही, काका. भेटण्याचा आहे. त्याला वकील मिळवून देण्याचा आहे. तो एकटा नाही, हे त्यांना दिसू देणं, एवढंच माझं काम."

एकदा त्यांनी त्याला काय आणू विचारलं, तर हा म्हणे कळण्याची भाकरी. मॅडमनी मला फोन केला, हे कळण म्हणजे काय. ज्वारी, उडीद, मीठ, दळण, सगळं समजावून सांगितलं. शेवटी त्यांनी वरणभात नेला. "त्याने खाल्ला," म्हणाल्या, "पण माझ्याकडे न बघता."

आता ज्या गोष्टीसाठी हे पत्र लिहितो आहे ती. त्या देशाचं नाव मी लिहीत नाही, मॅडमनी तशी विनंती केली आहे. सध्या त्याचं आपल्याशी बिनसलं आहे. राजधानीतली आपली वकिलात बंद आहे. हे कळताच मी मॅडमना मध्येच थांबवलं. म्हटलं, मग तुम्ही कशा तिथे?

त्या म्हणाल्या, "राजनैतिक संबंध तुटले म्हणून वाणिज्य दूतावास आपोआप बंद होत नाही. सगळ्या जगाने मिळून तसा करार केला आहे. वरच्यांनी बोलणं सोडलं तरी खालच्या माणसांचं कोणी तरी बघायला हवं ना?"

फोन ठेवला आणि मला तू आठवलीस.

मयुरीच्या लग्नात माइकवाल्याने टॉवेल-टोपीसाठी नावं पुकारली. धाकट्या जावयांचं नाव आधी घेतलं, प्रेमराजरावांचं मागून. "मी काय बठ्ठासना मांगे शे?" सगळ्यांच्या मागे मीच का, एवढं बोलून ते न जेवता उठले. माइकवाल्याला कोण थोरला कोण धाकटा हे कुठून माहीत असणार? पण मान तो मान. देशादेशांतही कोणाची खुर्ची कुठे यावरून महिनोन् महिने रुसवे चालतात, असं मॅडमच सांगत होत्या. तेव्हापासून आपल्या दोन घरांची वकिलात बंद आहे.

पण मागच्या वर्षी चुडामणची बायको धुळ्याला दवाखान्यात होती. आपल्या गावची माणसं, धुळ्यात ओळखीचं कोणी नाही. चुडामण परत आल्यावर माझ्याकडे आला. म्हणाला, "नाना, रोज दुपारी डबा यायचा. ताई स्वतः बसने यायची. वर सांगायची, माहेरी माझं नाव काढू नको."

त्याने काढलं. त्याच्याआधी रुपचंदने काढलं होतं, त्याच्या भाचीसाठी तू स्थळाची खरी माहिती काढून दिलीस तेव्हा. गावातलं कोणीही महामार्गाने वर इंदूरकडे निघालं की तुझ्याकडे पाणी प्यायला थांबतं, हे मला सगळं कळत होतं. मी तुला कळू दिलं नाही, कारण कळलं असतं तर तुला ते थांबवावं लागलं असतं.

तू आपल्या गावची लेक. या कामाला दुसरा शब्द मला आजवर माहीत नव्हता.

आता शुक्रवार. तेजसने शेवटी मला काय सांगितलं, ते लिहायला मी इतका वेळ लावला. त्याला सोनगीरला यायचं नाही. "मामा, माले घर नको लई जाजो. आबा काय म्हनतीन?" बोटीवर जाऊ नको म्हणून प्रेमराजराव किती बोलले होते, ते त्याच्या डोक्यातून जात नाही. त्यात कोठडी. मेहरूणला येतो म्हणाला, मामाकडे राहतो, काही दिवस. काही दिवस म्हणजे किती, विचारलं तर म्हणाला, बघू. ज्योती, हा मुलगा एकदा इकडे राहिला तर तुमच्या दारात पाय ठेवायला त्याला वर्षं लागतील. रुसणाऱ्याला परतायला किती वेळ लागतो, ते आपल्या दोन घरांना माहीत आहे.

मॅडमनी त्याला विचारलं होतं, घर कसं आहे. तो म्हणाला, अंगणातून किल्ला दिसतो.

म्हणून मी असं ठरवलं आहे. गुरुवारी रात्रीच्या गाडीने मी मुंबईला जातो. शुक्रवारी सकाळी त्याला घेऊन भाड्याच्या मोटारीने निघतो. दुपार कलता धुळे येईल. तिथे जळगावला जायचं तर उजवीकडे वळायचं, सोनगीरला जायचं तर सरळ. मी वळणार नाही. तो रागावेल, रागावू दे.

तोवर तू प्रेमराजरावांना सगळं सांग. कोठडीचंही सांग, लपवू नको. पोराने चोरी केली नाही, हे आधी सांग. त्याने माझा नंबर दिला म्हणून त्यांना वाईट वाटेल. तेव्हा सांग की वडिलांना तोंड कसं दाखवू, ही काळजी परक्या देशातल्या कोठडीत ज्याला पडते, त्याला वडील किती हवे असतील.

मी दाराबाहेर थांबेन. सोडवण्याचा अधिकार माझ्याकडेही नाही, फक्त पोचवण्याचा आहे. चहा नको, खुर्ची नको. मयुरीने टॉवेल-टोपी आणून ठेवली आहे, ती माझ्या पिशवीत असेल. ते बाहेर आले तर माइक न लावता देईन. नाही आले तर तुझ्याकडे ठेवून परत निघेन.

भाकरी कळण्याचीच कर. एक जास्त टाकलीस तर मी नाही म्हणणार नाही.

तुझा भाऊ,
आणि प्रेमराजरावांचा मेहुणा, अजूनही,
नाना