चंचीतला चौथा कप्पा

मेजर, लोणंद स्टेशनवर बसलोय. रहिमतपूरला जायचंय, गाडी लेट आहे, म्हणून लिहायला घेतलं. वही कंपनीतली आहे, शिफ्टच्या नोंदींची, मागची पानं कोरी आहेत. माझं अक्षर तुम्हाला ठाऊक आहे. एकदा तुम्ही मला तांड्यातल्या माणसांची यादी करायला सांगितली होती आणि मग ती माझ्याकडूनच वाचून घेतली होती, कारण दुसऱ्या कुणाला ती लागेना. आज वाचायला कुणी नाही, तेव्हा कसंही चालेल.

तुम्ही जाऊन अकरा वर्षं झाली. त्यात मी ट्रकवर क्लीनर होतो, गोव्यात हॉटेलात होतो, एक सीझन ऊसतोडीच्या टोळीबरोबर ट्रॅक्टर चालवला, आता इथं कंपनीत आहे आणि इथंही फार दिवस टिकेन असं वाटत नाही. परवा शेजारच्या मशीनवरच्या पोरानं विचारलं, सुट्टी कशाला पाहिजे? म्हटलं, तांडा आहे. कसला तांडा? मग सांगितलं, की घाटात गाडीरस्ते व्हायच्या आधी कोकणातलं मीठ वर यायचं ते लमाणांच्या बैलांच्या पाठीवरून. तर आम्ही तीसेक माणसं वर्षातनं एकदा, पौषात, त्या काळचे कपडे घालून, बैलांवर मिठाच्या गोणी लादून, त्याच जुन्या पायवाटेनं पाटणच्या अंगाला चढतो. चार दिवस. तो म्हणाला, "आन् वर आल्यावर मीठ इकता?" म्हटलं, नाही, वाटून टाकतो. "मग पिकअपनं का आणत न्हाई?" याचं उत्तर तुमच्याकडं होतं. तुम्ही म्हणायचात, "पाय दुखल्याबिगर वाट कळत न्हाई." मी नुसतं म्हटलं, तशी पद्धत आहे. तो हसला आणि म्हणाला, "येड्यांचा बाजार हाय की तुमचा."

येड्यांचाच होता. उंब्रजचे बैल गाडीला सरावलेले, पाठीवर काही ठेवलं की खाली बसायचे. तुम्ही महिनाभर त्यांच्या पाठीवर वाळूच्या पिशव्या टाकून पहाटे रानातनं फिरवायचात, आणि मी मागनं. तुमच्या घरी काकू सगळ्यांच्या बाराबंद्या शिवायच्या, हातानं, कारण मशीनची टीप तुम्हाला लांबनं ओळखू यायची. टायरच्या तळाची चप्पल बाद, घड्याळ बाद, चष्म्याला सूट, कारण सांगलीचे शेठ चष्म्याशिवाय दरीत गेले असते. शेठ म्हणजे हळदीचे व्यापारी, जैन, सूर्य बुडाल्यावर पाणीसुद्धा नाही. त्यामुळं आपल्या तळावर चूल दिवस असतानाच विझायची आणि सगळे उजेडात जेवायचे. शेठ तुम्हाला सोडायचे नाहीत. "मेजर, खऱ्या लमाणाला पेन्शन नव्हती हो," असं म्हणाले की तुम्ही म्हणायचात, "आन् खऱ्या व्यापाऱ्याला ढेरी नव्हती." मेजर तरी तुम्ही कुठं होता, हवालदार म्हणून रिटायर झालात. पण आपल्याकडं फौजेतनं आलेला प्रत्येक माणूस मेजर.

भरकटतोय. लायटरचं सांगायचं होतं. माझं दुसरं वर्ष. पहाटे दवानं कापूस ओला झालेला, चकमक झाडून झाडून बोटं सोलली, विस्तव पडेना, आणि तीस माणसं चहासाठी, म्हणजे गुळाच्या पाण्यासाठी, ताटकळलेली. मी बाराबंदीतनं लायटर काढला, पाठ फिरवून चूल पेटवली. तुम्ही बघितलंत. सगळ्यांना प्यायला दिलंत, आणि सगळ्यांचं पिऊन झाल्यावर लायटर माझ्या हातात तसाच असताना म्हणालात, "ह्ये खोटं पानी पाजलंस तू समद्यास्नी. नाटक करायचं आसंल तर गावच्या जत्रंत कर. हितं न्हाई." मी एकोणीस वर्षांचा होतो. कुणी हसलं नाही, तेच लागलं. हसले असते तर मी विसरलो असतो. पुढच्या वर्षी तुम्ही घाटाच्या पायथ्याला मला पुढं बोलावलंत आणि सांगितलंत, औंदाची झडती ह्यो घेणार. दीडशे वर्षांपूर्वी नव्हतं ते सगळं पोत्यात टाकायचं, पोतं खाली काकूंच्या ताब्यात राहणार. तुम्ही मला मान दिलात, हे मला आता कळतं. तेव्हा मला वाटलं, मेजर अजून माझी थट्टा करतायत.

मी झडती घेतली ती बघण्यासारखी घेतली. पागोट्याच्या पदरातनं चॉकलेट काढलं. भूगोलाच्या मास्तरांच्या लंगोटीला सेफ्टी पिन निघाली, तीसुद्धा सोडली नाही. शेवटी तुम्ही. गोणीची दोरी आवळत होता, दोन्ही हात गुंतलेले. कमरेची चंची माझ्याकडं फेकलीत आणि वर न बघता म्हणालात, "माझीबी बघ. सोडलीस तर तुझी झडती मी घेईन." ती काकूंनी शिवलेली चंची, निळ्या खणाची, गुंडाळी उलगडली की एकाखाली एक चार कप्पे. पहिल्यात पान-सुपारी, दुसऱ्यात तंबाखू, तिसऱ्यात चुन्याची डबी. चौथ्यात चकमक आणि कापूस असायला पाहिजे. होतं. आणि कापसाच्या खाली गोळ्यांची पट्टी, चंदेरी, दहातली एक फोडलेली.

मला इतका आनंद झाला मेजर, की तो अजून आठवतो. मला वाटलं, डोकेदुखीची असेल, पित्ताची असेल. काय आहे हे बघितलंच नाही. सापडलात, एवढंच बघितलं. पोत्यात टाकली असती तर कुणाला कळलं नसतं. म्हणून मी ती माझ्या कमरेला खोचली, वरनं शेला आवळला आणि गाठ मारली. म्हटलं, संध्याकाळी तळावर, सगळे जेवायला बसले की काढायची आणि म्हणायचं, मेजर, हे खोटं पाणी कुणाचं? चंची गुंडाळून तुमच्या हातात दिली. तुम्ही विचारलंत, "काय घावलं?" मी म्हटलं, "काय न्हाई." तुम्ही माझ्याकडं बघून जरा हसलात. त्या हसण्याचा अर्थ लावण्यात माझी अकरा वर्षं गेली. पट्टी तिथं आहे हे तुम्हाला ठाऊक होतं. काकू चोरून ठेवायच्या आणि तुम्ही बघितलं नाही असं दाखवायचात. तुम्हाला वाटलं, पोरानं बघितली, समजून परत ठेवली, आणि वर गप्प राहिला. पोरगं शहाणं झालं. पट्टी चंचीत आहे या भरवशावर तुम्ही चढायला लागलात.

निम्म्या चढावर, जिथं पाण्याचं कोरीव टाकं आहे, तिथं तुम्ही बसलात. ऊन डोक्यावर आलेलं. मी मागं होतो, कारण पुढच्या बैलाची घंटा पडली होती आणि ती शोधता शोधता मी करवंदीच्या जाळीत शिरलो होतो, माझं नेहमीचं. वर आलो तर सगळे तुमच्याभोवती, आणि तुम्ही मांडीवर चंची उलगडून एकेक कप्पा चाचपताय. शेठ म्हणत होते, "तंबाखू पाहिजे काय, थांबा की, मी मळून देतो." मलाही वाटलं तंबाखूच. तुम्ही चौथ्या कप्प्यात बोटं घातलीत, कापूस बाहेर पडला, चकमक दगडावर आपटली. मग परत पहिला कप्पा. तुमचं तोंड घामानं निथळत होतं. बोलता येत नव्हतं. तुम्ही तोंड उघडलंत आणि जिभेखाली बोट लावून दाखवलंत. तेव्हा शेठ ओरडले, "गोळी! गोळी मागतायत ते! कुणाकडं हाय काय?"

आता इथं मला सावकाश लिहू द्या. शेल्याची गाठ घट्ट होती, घामानं आणखी आवळली होती, हे खरं. तुम्हीच शिकवलेली गाठ, लदणीची, ओझं लटकलं तरी सुटत नाही अशी. मी ती सोडत होतो हेही खरं. पण शेठ ओरडल्यावर माझा हात लगेच गाठीकडं गेला, की आधी मी आजूबाजूला बघितलं, कोण बघतंय ते, हे मला ठरवता येत नाही. कधी वाटतं, लगेच गेला. गोव्यात भांडी घासताना वाटायचं, नाही, बघितलं. गाठ सुटली तेव्हा शेठनी तुमच्या डोळ्यांवर हात फिरवला होता. ती गोळी मिळून तुम्ही वाचला असता का, हे कुणाला ठाऊक. पण मिळाली नाही, ती माझ्या कमरेला होती. मग मी गाठ परत मारली.

मिठाच्या गोणी रिकाम्या करून, त्या काठ्यांना बांधून डोली केली आणि तुम्हाला खाली आणलं. काय झालं हे काकूंना सांगायची गरज पडली नाही, बैल रिकामे परत येताना दिसले. रडायच्या आधी त्यांनी चंची उलगडली. चार कप्पे बघितले, परत बघितले, आणि म्हणाल्या, "म्या ठेवलीच न्हाई. इसरले बघा म्या." तिथं माझ्यासकट तीस माणसं उभी होती. एकोणतीस जणांना काही ठाऊक नव्हतं.

त्या दिवसापासनं काकू हेच म्हणतात. तांडा बंद पडला नाही, शेठनी चालू ठेवला, औषधाला सूट दिली. काकू दरवर्षी पायथ्याला येऊन बसतात. प्रत्येकाच्या चंचीला त्यांनी लाल दोऱ्यानं एक जादा कप्पा शिवलाय, आणि विशीतल्या धडधाकट पोरालाही विचारतात, "गोळी घेतली का?" पोरं हसतात. मी दोन वर्षं ते ऐकलं आणि मग तांड्याला जायचं सोडलं, गाव सोडलं. पट्टी माझ्या पाकिटात राहिली. तीन पाकिटं बदलली, पट्टी तीच.

गेल्या महिन्यात शेठचा फोन. "माझे गुडघे गेले, औंदा तांड्याचा नाईक तू हो की." मी नाही म्हणणार होतो आणि हो म्हटलं. मग काकूंना भेटायला रहिमतपूरला गेलो. सांगायचंच म्हणून गेलो होतो, देवाशपथ. काकूंची नजर अधू झालीय, मला आवाजावरनं ओळखलं. "आलास व्हय रं. जेवलास का?" मग कपाटातनं तुमची चंची काढली. "नाईकानं हीच कमरंला लावायची. जरा अस्तर उसवलंय, उंद्या बसून टाके घालते, मग ने." आणि चहा ठेवायला आत गेल्या. चंची माझ्या मांडीवर. उसवलेल्या जागेतनं अस्तराच्या आत बोट जात होतं. मेजर, मला वाटलं, सुटलो. पट्टी आत सरकवली. उद्या टाके घालताना त्यांच्या हाताला लागेल, त्यांना कळेल की आपण विसरलो नव्हतो, ठेवली होती, अस्तरात घसरली. कुणाचीच चूक नाही. चहा प्यालो, दोन कप. काकू म्हणाल्या, लय दिसांनी आवाजात जीव आला तुझ्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांचा फोन आला, मी कंपनीत. "घावली रं! ठेवली हुती म्या! अस्तरात हुती!" रडत होत्या, हसत होत्या. मी म्हटलं, बघा काकू, विसरला नव्हता तुम्ही. मग त्यांचं नीट ऐकू येईना. मशीनचा आवाज होता म्हणून मी बाहेर आलो. त्या म्हणाल्या, "पर अस्तर तवा कुठं उसवलं हुतं? नवी हुती चंची. म्हंजे ह्यांनीच उसवून आत दडवली." काकू बोलतच राहिल्या. "झडतीत घावू नये म्हून दडवली, आन् येळंला हाताला लागली न्हाई. नियम मोडंल म्हून. तीस मानसांम्होरं मान खाली जाईल म्हून. माज्यापरीस त्यो नियम मोठा झाला व्हय रं त्यास्नी?"

अकरा वर्षं त्या स्वतःला बोल लावत होत्या, त्यात तुम्ही त्यांचे होता. आता मी तुम्हालाही काढून घेतलं. शेठ सांगत होते, तुमचा फोटो भिंतीवरनं उतरवून पालथा ठेवलाय, आणि औंदा तांड्याचं एक कापड शिवणार नाही म्हणून सांगितलंय. शेठना वाटतं, वयानं विसरभोळ्या, विक्षिप्त झाल्यात. मला म्हणाले, "तू जाऊन समजूत घाल की जरा, तुझं ऐकतात."

म्हणून चाललोय. पट्टी कुठं होती, गाठ कुणी मारली, ते सांगायला. त्यांनी मला उंबऱ्याच्या बाहेर काढलं तर काढू दे, पण फोटो परत भिंतीवर लागला पाहिजे. हे कागद तुम्हाला धाडायचे कुठं, तेव्हा वहीतच राहतील. वहीही शिफ्ट सुपरवायझरला परत द्यायची आहे, ही पानं तेवढी फाडीन.

आणि मेजर, वर लिहिलंय की गाडी लेट आहे, ते खरं नाही. सकाळची पॅसेंजर वेळेवर आली होती. चहावाल्यानं हाकसुद्धा मारली, "रहिमतपूर ना? चला की पावनं." मी तेव्हा लायटरचं लिहीत होतो. पुढची दुपारी आहे.