मागितल्याशिवाय वाढायचं नाही

अमरावती
१२ एप्रिल २०२५

श्री. मोरोपंत यांस
ताराचा सप्रेम नमस्कार वि. वि.

लेकीचं लग्न एकदा पार पडलं की व्याह्यांना पत्र लिहायची वेळ येत नाही असं मला वाटत होतं. पण तुम्हाला फोनवर कमी ऐकू येतं आणि ते तुम्ही कबूल करत नाही, म्हणून शेवटी कागद घेऊन बसले. संध्याकाळचा तुमचा व्हिडिओ कॉल बंद का झाला असं तुम्ही गौरांगला विचारत असता आणि तो रेंजचं कारण सांगतो. जावई माझा गुणी आहे, पण खोटं बोलायला अगदीच कच्चा आहे. रेंज उत्तम आहे. ईशान जागा असेपर्यंत घरातले सगळे मोबाइल कपाटात असतात.

झालंय असं, की आपला नातू सव्वादोन वर्षांचा झाला आणि अजून एक शब्द बोलत नाही. आई नाही, पाणी नाही, आजी तर नाहीच नाही. काही हवं असलं की माझा हात धरून फ्रीजपाशी नेतो, नाहीतर गळा काढतो. जुईलीने त्याला इथल्या दवाखान्यातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात दाखवलं. नाव ऐकून मला आधी पोलिसांचं खातं वाटलं. पण अर्थ साधा आहे: वाढीत मूल कुठे मागे पडत असेल तर वाट बघत न बसता लहानपणीच त्याला हात द्यायचा. कान तपासले, ते चांगले आहेत. बाकीही बरंच तपासलं. घाबरू नका, पण थांबूही नका, आणि पोरासमोर मोबाइल नको, असं डॉक्टर म्हणाले. आता दर मंगळवारी साधनाताई नावाच्या बाई त्याला बोलायला शिकवतात, म्हणजे खरं तर आम्हाला शिकवतात.

पहिल्याच दिवशी त्यांनी मला ईशानला केळं द्यायला सांगितलं. मी सोललं, तुकडा केला, तोंडात घातला आणि तोंड पुसलंसुद्धा. पोराने मान वर करायच्या आत सगळं उरकलं. बाई हसल्या आणि म्हणाल्या, "आजी, त्यानं मांगायच्या आंधीच तुमी देऊन राहिल्या. मंग त्यानं बोलावं कायले?" जन्मभर मी शाळेत पोरांना बोलतं केलं, आणि माझ्याच मांडीवरचं पोर माझ्यामुळे गप्प! दोन दिवस मी त्या बाईंवर रुसून होते.

मोरोपंत, तुम्हाला स्पष्ट सांगते, मला भीती वाटते. तो आपल्याला कधी हाकच मारणार नाही की काय, असं मनात येतं आणि हातातलं काम तसंच राहतं. जुईलीसमोर मी हे बोलत नाही, म्हणून तुम्हाला लिहिलं.

उन्हं तापली आहेत, दुपारचं बाहेर पडू नका. पार्वताबाईंच्या स्वयंपाकाला माझा नमस्कार सांगा. मायेत खंड नसावा.

आपली विहीण,
तारा


अकोला
१७ एप्रिल २०२५

श्रीमती ताराबाई यांस
स. न. वि. वि.

पत्र पोचलं. सर्वप्रथम, माझे कान ठणठणीत आहेत. फोनच हल्ली हळू बोलतात.

आता मुद्द्यावर येतो. आमच्या घराण्यात मुलगे उशिराच बोलतात. गौरांग तीन वर्षांचा होईपर्यंत नुसतं बोट दाखवत असे. मी त्याहून उशिरा बोललो असं आई सांगायची, आणि पुढे कोर्टात मला आवरायला न्यायाधीशांना घड्याळाकडे बोट दाखवावं लागायचं. एवढे सबळ दाखले हाताशी असताना पोराला दवाखान्याच्या फेऱ्या कशाला? त्यातून आजोबांचं तोंड दिसणं बंद, ही शिक्षा तर कुठल्याच कलमात बसत नाही. रोज सात वाजता मी त्याला मांजराचा आवाज काढून दाखवत असे. आता तो आवाज ऐकून पार्वताबाई तेवढ्या दचकतात.

अक्षय्य तृतीयेला मी अमरावतीला येतो. प्रकरण स्वतः पाहतो आणि मग काय तो निकाल देतो. भीतीचं लिहिलंत ते वाचलं. त्यावर वकिली करता येत नाही, एवढंच म्हणतो. काळजी करू नका.

चि. ईशानला पोटभर आशीर्वाद, आणि आपल्या स्नेहावर आमचा हक्क कायम.

आपला,
मोरोपंत


अकोला
२ मे २०२५

श्रीमती ताराबाई यांस
स. न. वि. वि.

सणाला आपल्या घरी येऊन गेलो. सुखरूप पोचलो. पोट सोडून.

लिहू नये असं ठरवलं होतं, पण दोन दिवस झाले, मनातून जात नाही. आंब्याचा रस केला होतात, पोळ्या होत्या, भजी होती. पहिली पोळी संपली. तुम्ही विचारलंत, अजून हवी का. मी रीतीप्रमाणे नको म्हटलं. आणि तुम्ही पोळ्यांचा डबा झाकलात! ताराबाई, माझ्या उभ्या आयुष्यात माझ्या 'नको'वर आजवर कोणी विश्वास ठेवला नव्हता. रसाची वाटी रिकामी झाली, तिच्याकडे जुईलीने पाहिलं आणि माझ्याकडे बघून गोड हसली, बस्स. भज्यांच्या ताटाकडे तर मी इतका वेळ पाहिलं की शेवटी मलाच लाज वाटली. व्याह्याने मागून घ्यावं ही पद्धत आपल्या वऱ्हाडात कधीपासून आली? माझा मुलगा समोर बसून जेवत होता, त्यानेही बापाला एका शब्दाने आग्रह केला नाही. वर स्वतः मात्र "मला भजी द्या" म्हणत मोठ्याने मागून खात होता.

बडनेरा स्टेशनवर मी वडे खाल्ले. व्याह्यांकडचं सणाचं जेवण जेवून आलेला माणूस फलाटावर वडे खातो, हे कोणी ओळखीच्याने पाहिलं असतं तर?

त्या घरात लेकरू काय बोलणार? या सुट्टीत ईशानला इकडे आणावं असं माझं ठाम मत आहे. इथे मागावं लागत नाही. पोट भरलं की तोंड आपोआप उघडेल.

राग आहे, पण लोभही आहे. तो तेवढा दोन्हीकडून राहू द्या.

मोरोपंत


अमरावती
६ मे २०२५

श्री. मोरोपंत यांस
साष्टांग नमस्कार वि. वि. (या खेपेला खरोखरच साष्टांग.)

पत्र वाचून आधी मी कपाळाला हात लावला, मग मला इतकं हसू आलं की जुईली आतून धावत आली. मग तीही हसली. शेवटी आम्ही दोघी गौरांगवर ओरडलो. तुम्हाला सांगायचं काम त्याच्याकडे होतं. त्याला वाटलं जुईलीने सांगितलं. जुईलीला वाटलं मी पत्रात लिहिलंय. आणि व्याही बिचारे उपाशी राहिले.

साधनाताईंनी घराला नियम घालून दिला आहे. ताटावर बसलेल्या प्रत्येकाने जे हवं ते तोंडाने मागायचं. ईशानने ऐकावं, मागितलं की मिळतं हे त्याला दिसावं, म्हणून. एकदा विचारायचं. हो म्हटलं तर वाढायचं, नको म्हटलं तर सोडून द्यायचं, आग्रह नाही. ईशानसमोर वस्तू आपल्या डोळ्यांपाशी धरायची आणि थांबायचं. त्याने शब्दच काढला पाहिजे असं नाही. आपल्याकडे पाहिलं, हात पुढे केला, नुसता आवाज काढला तरी चालतं. आपण त्या वस्तूचं नाव घ्यायचं आणि द्यायची. तुमच्यासाठी डब्यात मी आठ पोळ्या करून ठेवल्या होत्या. तुम्ही गेल्यावर त्या बघून मलाच भरून आलं होतं, की व्याह्यांना आमच्या घरचं काही आवडलंच नाही.

चूक आमची, कान धरते. पण तुमच्या निकालाबद्दल मात्र माझी हरकत आहे. तुमच्या घराण्यातले सगळे उशिरा बोलले असतील, पण ईशान त्यांच्यासारखाच आहे हे आज कोणाला ठाऊक? डॉक्टर म्हणतात, हीच वर्षं शिकण्याची. सहा महिने आपण नुसतं बघत बसलो आणि मग कळलं की बसायला नको होतं, तर ते सहा महिने कुठल्या कोर्टातून परत आणाल?

आणि आता माझी पंचाईत. तेरा तारखेला माझ्या मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलंय. गौरांगचं पाणीपुरवठ्याचं खातं, मे महिन्यात सुट्टीचं नाव काढायची सोय नाही. जुईली बँकेतून आठवडाभर मोकळी होईल, पण माझ्या डोळ्यात औषध घालील की पोराला पाहील? म्हणून ईशानला तुमच्याकडे पाठवायचं ठरलं. तुम्ही जिंकलात. फक्त हात जोडून विनवते, तिथे त्याला न मागता काही देऊ नका. आता कुठे तो माझ्याकडे बघून हात पुढे करायला लागलाय. ते मोडलं तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायचं बळ माझ्यात नाही.

पुढच्या वेळी तुम्हाला आग्रह करून करून हैराण करीन, तोवर राग गिळा. पोळ्यांसारखा.

तारा


अकोला
१८ मे २०२५

श्रीमती ताराबाई यांस
स. न. वि. वि.

ऑपरेशन चांगलं झाल्याचं गौरांगने कळवलं. हे पत्र जुईलीकडून वाचून घ्या, आपण डोळे ताणू नयेत.

आपला नातू मजेत आहे. मी नाही. नियम पाळायचं कबूल केलं खरं, पण हे किती अवघड आहे याची कल्पना आपण द्यायला हवी होती. हातात बिस्कीट, समोर ते पोर, आणि आपण थांबायचं! पहिल्या दिवशी मी बिस्कीट डोळ्यांपाशी धरून बसलो. तो बिस्किटाकडे पाही, मी त्याच्याकडे. पार्वताबाई दारात उभ्या राहून म्हणाल्या, "बाबासाहेब, लेकराले असं तरसवते काय कोनी? देऊन टाका ना जी." मला घाम फुटला. मी देऊन टाकलं. हा गुन्हा कबूल आहे. पुढच्या बिस्किटाला मात्र टिकलो.

टिकलो तेव्हा त्याने बिस्किटावरून नजर काढली आणि थेट माझ्या डोळ्यांत पाहिलं. ताराबाई, मी वर्षभर रोज त्या मोबाइलमध्ये त्याच्याशी बोललो, मांजर झालो, कुत्रा झालो, पण त्याने मला असं कधी पाहिलं नव्हतं. तो मला पाहत होता असं मीच समजत होतो. त्या दिवसापासून तुमच्या साधनाताईंविरुद्धचा माझा दावा मी मागे घेतला आहे.

त्याने ऐकावं म्हणून आता मीही मागतो. पार्वताबाईंना "मला चहा द्या" म्हटलं, तर त्यांना वाटलं माझी तब्येत बिघडली. इतकी वर्षं चहा आपसूक पुढे येत होता.

शब्द मात्र अजून नाही. मी कान देऊन असतो. (हे कान चांगले आहेत.) तुमची भीती आता माझ्याकडेही राहायला आली आहे. ती काही अवघ्या आठवड्याची पाहुणी दिसत नाही.

डोळ्यांना जपा, आमच्यावरची नजर अशीच राहू द्या.

मोरोपंत


अमरावती
२१ मे २०२५

श्री. मोरोपंत यांस स. न. वि. वि.

अक्षर जुईलीचं आहे, शब्द माझे. मधूनच ती स्वतःचं घुसवेल, ते ओळखता येईलच. काळा चष्मा लावून मी बसले आहे आणि गल्लीतली पोरं मला गुप्तहेर म्हणतात.

तुमचं पत्र जुईलीने दोनदा वाचून दाखवलं. दुसऱ्यांदा वाचताना ती मध्येच थांबली. बाबा, मी रडत नव्हते, सर्दी झाली आहे. (हे तिचं.) भीती दोघांत वाटून घेतली की थोडी हलकी होते असं मला वाटायचं. तसं काही होत नाही, पण सोबत होते. शब्द येईल तेव्हा येईल. तुम्ही थांबायला शिकलात, हेच मला पुष्कळ आहे.

रविवारी गौरांग त्याला न्यायला येईल. मंगळवारी साधनाताईंकडे जायचं आहे. घर फार शांत झालंय, मला ते सोसत नाही.

तुमची चष्मेवाली विहीण,
तारा


अकोला
२५ मे २०२५, रविवार

श्रीमती ताराबाई यांस
स. न. वि. वि.

गौरांग पोराऐवजी पत्र घेऊन आलेला पाहून घाबरू नका. ईशान माझ्या शेजारीच आहे आणि माझी टोपी पलंगाखाली सारतो आहे.

सकाळी गौरांग आला. आम्ही सगळे जेवलो. पार्वताबाईंनी पोराच्या कपड्यांची पिशवी भरली आणि डोळ्यांना पदर लावला. गाडी फाटकाशी उभी होती. गौरांगने त्याला उचलायला हात पुढे केले. एरवी अशा वेळी तो आडवा पडून किंचाळतो, मग त्याची समजूत घालत घालत त्याला गाडीत कोंबावं लागतं. आज त्याने माझं धोतर मुठीत धरलं, बापाकडे वर पाहिलं आणि म्हणाला, "नको."

गौरांगला वाटलं, मी बोललो. मला वाटलं, पार्वताबाई. कोणी हललं नाही. तेव्हा त्याने पुन्हा सांगितलं, "नको." अगदी स्वच्छ, जसं आपण म्हणतो तसं.

गौरांग खाली बसला आणि त्याला समजावू लागला, की आजी वाट बघतेय, आपण पुन्हा येऊ, गाडीत खाऊ आहे. आपल्या लोकांची सवय, नको म्हटलं की आग्रह सुरू. मी त्याला थांबवलं. म्हटलं, "बापा, तुमच्याच घरचा नियम आहे. त्यानं नको म्हटलं ना? मंग नको." गौरांगने पिशवी पायरीवर ठेवली. पोराने आधी पिशवीकडे पाहिलं, मग आम्हा सगळ्यांकडे. आपण एक शब्द काढला आणि एवढी मोठी माणसं, गाडी, सगळं जागच्या जागी थांबलं, हे त्याला कळत होतं, ताराबाई. त्याच्या तोंडावर ते दिसत होतं. मी फाटकातच रडलो. समोरच्या गिरणीत लोक दळण घेऊन उभे होते, त्यांच्यादेखत रडलो.

त्याचा पहिला शब्द तुम्हाला ऐकायला मिळाला नाही, याचं मला फार वाईट वाटतं. खरा हक्क तुमचा होता. त्यासाठी दिवसचे दिवस हात आवरून तुम्ही बसलात. पण काळजी नसावी. दुपारपासून तो आंघोळीला, झोपेला, दुधाला आणि पार्वताबाईंना तेच सांगतो आहे. तुमच्या वाट्याला भरपूर येईल.

मंगळवारी सकाळच्या गाडीने मी स्वतः त्याला घेऊन येतो आणि थेट साधनाताईंकडे जातो. निघताना त्याला विचारीन. हो म्हणाला तर येतोच. नाही म्हणाला, तर तुमचा तो काळा चष्मा लावून तुम्हीच अकोल्याला या, आजीने विचारल्यावर काय म्हणतो ते बघू.

तुमचा लोभ मी आजवर न मागता घेत आलो. आज तोंडाने मागतो.

आपला,
मोरोपंत