तानाबाईची रेघ सलग काढावी

मी, आकाराम गणपतराव वरुटे, वय ७४, फौंड्रीतला निवृत्त ड्राफ्ट्समन, राहणार उचगाव, ता. करवीर, जि. कोल्हापूर, हे मृत्युपत्र राजीखुशीने आणि पूर्ण शुद्धीत लिहून ठेवतो. माझ्यावर कुणाचं दडपण नाही. डोकं ठिकाणावर आहे, फक्त तापलेलं आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे.

कलम १. राहतं घर आणि बँकेतली ठेव माझी एकुलती मुलगी क्रांती हिला मिळावी. गाडी लावायला जागा पाहिजे म्हणून जावयाने दारातला पेरू तोडू नये. गाडी रस्त्यावर लावावी.

कलम २. माझा ड्रॉइंग बोर्ड, टी-स्क्वेअर आणि कंपासपेटी केरबाला द्यावी. केरबा माझा सख्खा भाऊ, पण कागदोपत्री चुलतभाऊ. हे कसं, ते पुढच्या कलमात येईल.

कलम ३. 'भावकी' हा वंशावळ मांडायचा प्रोग्राम. कुणीही फुकट वापरावा, आतला कोड सगळ्यांना उघडा असावा आणि ज्याला जमेल त्याने सुधारावा, या अटीवर मी तो माझ्या घराच्या पुढच्या सोप्यात सुरू केला. सगळे स्वयंसेवक, पगार कुणालाच नाही. विजयसिंह म्हणून एक जण आला तोही स्वयंसेवक म्हणूनच, आणि तिसऱ्या बैठकीत अध्यक्ष होऊन बसला. त्यानंतर आमच्या बैठकांत काय ठरलं? बोधचिन्हाचा रंग ठरला. उद्घाटनाच्या बॅनरवर कुणाचा फोटो मोठा, ते ठरलं. कोड लिहिला तो एकट्या सलिमाने, लालासाब मुजावरांच्या मुलीने, स्वतःची नोकरी सांभाळून.

आता भांडणाचं मूळ. गणपतराव हे माझे थोरले चुलते. त्यांना मूल नव्हतं, म्हणून मी सहा वर्षांचा असताना त्यांनी मला दत्तक घेतलं. त्यांच्या बायकोने, अनुसयाआईने, मला जीव लावला, तिच्याबद्दल माझी काडीची तक्रार नाही. पण जिने मला जन्म दिला ती तानाबाई त्याच घरात, त्याच चुलीपुढे बसून भाकरी थापत होती. दत्तकविधान झालं त्या संध्याकाळी मी तिला आई म्हणून हाक मारली, तर थोरल्या आत्याने मुस्काटात दिली. "आई कुणाला म्हणतुयास रं? काकी म्हण!" तानाबाईने वर बघितलं नाही, पण तव्यावरची भाकरी करपली. ती गेली तेव्हा अग्नी केरबाने दिला. मी पुढे झालो, तर भावकीतल्या शहाण्यांनी दंडाला धरून मागे ओढलं. का, तर दत्तक गेलेल्याचा हक्क संपला! हे आठवलं की आजही अंगाची लाही लाही होते.

हा प्रोग्राम मी कशासाठी काढला, ते आता कळलं असेल. पहिल्या आराखड्यातच मी दत्तक माणसाला दोन आया दाखवल्या होत्या.

त्यावर विजयसिंह काय म्हणतो? "काका, एका माणसाला एकच आई असती. दुसरी घातली की तक्ता बिघडतोय की!" सलिमाने सगळ्यांसमोर सांगितलं, "काय बिघडत न्हाय. मी चालवून बघितलंय." मग अध्यक्षांनी तोडगा काढला, जन्माच्या आईला तुटक रेघ द्यायची. मतदान झालं, आणि सलिमा नि मी सोडून सगळ्यांचे हात वर.

तुटक रेघ! अरे, जन्मभर ड्रॉइंग काढली मी. वस्तूची जी कड आत आहे पण समोरून दिसत नाही, तिला तुटक रेघ काढतात. माझी आई काय आत लपली होती? रोज समोर होती ती. तुम्ही बघायचं नाही असं ठरवलं होतं, आणि आता ते कॉम्प्युटरकडून करून घेताय.

कलम ४. सबब 'भावकी' हे नाव आणि सर्व्हरच्या सगळ्या चाव्या माझ्या पश्चात सलिमा लालासाब मुजावर हिच्याकडे जाव्यात. सर्व्हरचं भाडं क्रांतीने ठेवीच्या व्याजातून भरावं. अट एकच, दोन्ही आयांच्या रेघा सलग आणि सारख्याच जाडीच्या असाव्यात. विजयसिंहाला हे पटत नसेल, तर कोड उघडा आहे, त्याने खुशाल उचलावा आणि पाहिजे तेवढ्या रेघा तोडाव्यात. ती मुभा मीच लिहून ठेवली आहे, ती मी काढून घेणार नाही. फक्त त्याला 'भावकी' म्हणायचं नाही. बोधचिन्ह घेऊन जावं, रंग त्यानेच निवडला होता.

कलम ५. माझ्या दिवसकार्याला विजयसिंहाने यावं, जेवावं, भाषण करू नये.

या कागदावर मी दोनदा सही करतो आहे. साक्षीदार उदयसिंह म्हणाले, "आकारामदादा, एका माणसाच्या दोन सह्या कशा काय?" मी म्हटलं, भांडण तेच तर आहे. पहिली सही कायद्यासाठी आहे. दुसरी आज पहिल्यांदाच करतो आहे, याची साक्षीदारांनी नोंद घ्यावी.

सही: आकाराम गणपतराव वरुटे

सही: आकाराम तानाबाई वरुटे

दोन्ही सह्या एकाच माणसाने आमच्यासमोर केल्या.

साक्षीदार:
१. डॉ. ऋतुराज भोपळे, उचगाव
२. उदयसिंह चव्हाण, उचगाव

ठिकाण: उचगाव
दिनांक: १४ फेब्रुवारी २०२५