तीन मिनिटांचा खेळाडू

तीर्थरूप बाबांना, बाकावर बसून आखडलेल्या पाठीने वाकून नमस्कार.

मी मजेत आहे. जेवण वेळेवर मिळतं. आईचा गुडघा कसा आहे?

टीव्हीवर का दिसत नाहीस, असं विचारलंत. पहिल्या सामन्यात मला शेवटची तीन मिनिटं उतरवलं, तेव्हा तुम्ही आनंदाने रडलात. इकडे मॅनेजर पाठीवर थाप मारून म्हणाले, "झालं! आता तुला दुसऱ्या देशाकडून खेळता येणार नाही." नियमच आहे तसा. मला अडकवायला तीन मिनिटं पुरली. पुढचे अकरा सामने मी बाकावरून बघितले. संघातले मला 'पाहुणा' म्हणतात.

आपली माती, आपली माती, हे तिकडे परदेशात तुमच्याकडून ऐकत वाढलो. त्या मातीला माझे बूट लागायचीही मारामार आहे, बाबा.

परवा मॅनेजरांनी छोटीची चौकशी केली. "तुझी बहीणही छान खेळते म्हणे?" मी सांगितलं, तिने फुटबॉल कधीच सोडला. तुम्हाला फोन आला तर हेच सांगा. बोलताना भिंतीवरच्या माझ्या जर्सीकडे मात्र बघू नका, नाहीतर तुम्ही हो म्हणून बसाल.

तुमचा,
थोरला